कच्चं लय बोलते

स्नेअरवर कोणीतरी टेप चिकटवली होती. वायरमनजवळ असते ती काळी टेप. तिचे दोन तुकडे, एकावर एक तिरपे, म्हशीच्या फोडावर पट्टी मारावी तसे. मी चहाला म्हणून स्टेजवरून उतरलो, लॉनच्या मागं आचाऱ्यांच्या शेडमध्ये उभ्या उभ्या अर्धा कप गोड पाणी पोटात ढकललं आणि परत येऊन बघतो तर हे. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन, बायपासवरचं हे नवंकोरं लॉन, प्लास्टिकची हिरवळ, प्लास्टिकचे हंस, नवरानवरीची दोन सिंहासनं आणि त्यांच्या मागं थर्माकोलचा राजवाडा, यातलं काहीच मला लागलं नव्हतं. असल्या राजवाड्यांसमोर ड्रम वाजवण्यातच माझी उमर गेली. पण ती टेप दिसली आणि डोकं सणकलं. माझ्या तोंडावर कोणी पट्टी मारली असती तर मी निदान कारण तरी विचारलं असतं. इथं कारण विचारायची गरज नव्हती. कारण मला पाठ होतं. या पोट्ट्यांना ड्रमला सूर असतो हेच ठाऊक नाही. यांच्या लेखी ड्रम म्हणजे बडवायची वस्तू, आणि फार ओरडायला लागली की तिचं तोंड बंद करायचं. घरात बायकोचं करतात तसंच.

"कोनं लावली बे हे टेप?" मी विचारलं.

कुलदीप कीबोर्डमागं बसून मोबाईलमध्ये बोटं घालत होता. आमचा ग्रुप त्याचा. म्हणजे टेम्पो त्याचा, साउंड त्याचा, बॅनरवर फोटो त्याचा. कीबोर्ड तो तीन बोटांनी वाजवतो, बाकीचं काम मशीन करतं. पंधरा वर्षांनी लहान आहे माझ्याहून, आणि मला भाऊ म्हणतो ते सुद्धा असं, की जसं काही भाऊ हे माझं आडनाव आहे.

"म्या लावली, भाऊ," तो म्हणाला. "रिंग लय येऊन राह्यली होती. कानात खुपून राह्यली होती."

"कोनाच्या कानात?"

"सगळ्याइच्याच."

सगळ्यांच्या कानात. सगळे म्हणजे कोण, तर एक कुलदीप, एक आकांक्षा नावाची गाणारी पोरगी, जी प्रत्येक गाणं नाकातून सुरू करून गळ्यापर्यंत आणता आणता संपवते, आणि एक साउंडवाला, जो एरवी मोटारपंप दुरुस्त करतो. हे माझे परीक्षक. टेपचं टोक नखानं उचललं आणि एका झटक्यात ओढली. चर्र असा आवाज व्हायला पाहिजे होता, तो सुद्धा धड झाला नाही. आजकाल टेपही नकली येतात. ती मी माईकच्या दांड्यावर चिकटवून दिली, सगळ्यांना दिसेल अशी.

"भाऊ, आजच्या दिवस राहू द्या न," कुलदीप म्हणाला. "पार्टी मोठी हाय. नाईतर पॅड आनलंच हाय गाडीत. त्याच्यावर वाजवा. टेन्शनच नाई."

पॅड. रबराचे आठ चौकोन असलेली ती पाटी. रडणारं मूल, भुंकणारं कुत्रं आणि स्नेअर, तिन्ही एकाच चौकोनातून निघतात, बटण दाबायचा अवकाश. याला ट्यूनिंग लागत नाही, याला कान लागत नाही, याला माणूससुद्धा लागत नाही खरं तर. मागच्या महिन्यात नांदगाव पेठच्या एका मिलवाल्याच्या घरच्या साखरपुड्याला कुलदीपनं ते पहिल्यांदा आणलं, तेव्हाच मला कळलं की हे पॅड माझ्या जागेवर बसायला आलंय. जमीन भावानं घेतली, डिग्री मी घेतली नाही, पेन्शनचा प्रश्नच नाही. माझ्याजवळ एकच वस्तू होती, कान. अमरावतीपासून बुलढाण्यापर्यंत ऑर्केस्ट्रावाले म्हणायचे, ड्रम कोणाचाही असो, लावायला सहदेवला बोलवा. तो कान सलामत आहे तोवर पॅड गाडीतच राहील, हे मी स्वतःला रोज सांगत होतो. आणि इथं हा मला सांगत होता की टेन्शनच नाही.

"थांब जरा," मी म्हटलं. "लावून दाखवतो तुले. मंग बोल."

स्नेअर म्हणजे ड्रमरच्या दोन गुडघ्यांमध्ये बसतो तो चपटा ड्रम. त्याच्या पोटाखाली बारीक वळ्यांच्या तारा ताणलेल्या असतात. वर काठी पडली की खाली त्या तारा झणझणतात. त्या झणझणीसाठीच तो स्नेअर, नाहीतर मग तुपाचा डबा काय वाईट. त्याचे बोल्ट आवळायचे तर गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे, एक इकडचा की एक बरोबर समोरचा. ओळीनं गोल फिरत गेलं की हेड, म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणलेला पडदा, एका बाजूला ओढलं जातं आणि ड्रम काणा होतो. मग प्रत्येक बोल्टाजवळ काठीच्या टोकानं हळूच टिचकी मारायची आणि आठही जागी एकच सूर मिळवायचा. यात जादू काही नाही, पण धीर पाहिजे, आणि धीर या पिढीनं मोबाईलच्या दुकानात गहाण ठेवलाय. कुलदीपजवळ तर ड्रम लावायचं सुद्धा ॲप आहे. फोन ड्रमवर धरतो आणि आकडा वाचतो. मागं एकदा मला दाखवत होता, भाऊ, पाहा, किती वर गेला तुमचा स्नेअर, इतका वर कोनी ठेवत नाई. मी म्हटलं, फोनले लगन लावायचं हाय का त्याच्यासंग? सगळे हसले. तोही हसला, पण तो आकडा त्यानं परत एकदा वाचला.

मी चावी लावली आणि आवळायला घेतलं. खरं म्हणजे सहा महिन्यांपासून या स्नेअरनं मला छळलं होतं. आवाज मेला होता त्याचा. काठी पडली की ठक्, बस. ओट्यावर लाटणं आपटल्यासारखं. चमक गेली, झणझण गेली. मी हेड बदललं, तरी तेच. मग मला कळलं की हेड डुप्लिकेट आहे, नागपूरचे दुकानदार वऱ्हाडातल्या माणसाला खरा माल देतच नाहीत, त्यांना वाटतं यांना काय समजतंय. मग तारा बदलल्या. त्याही मेलेल्या निघाल्या. मग मी दर कार्यक्रमाला थोडं थोडं आवळत गेलो, कारण वर चढवला की जरा कुठं चमक आल्यासारखी वाटायची. पुढच्या कार्यक्रमाला ती पुन्हा गेलेली असायची. सहा महिन्यांत सगळ्या जगाचाच आवाज मेला होता, हीही गोष्ट खरी. माया, माझी बायको, तिच्या माहेरचं अंबादेवीच्या रस्त्यावर फुलांचं दुकान, गिऱ्हाइकावर ओरडत ओरडत वाढलेली बाई, तीसुद्धा आता शब्द गिळून बोलायला लागली होती. काय म्हणालीस असं मी विचारलं की चिडायची. एकदा म्हणाली, कान दाखवून घ्या न एकखेप डॉक्टरले. मी म्हटलं, अवो, नाचता येईना अंगण वाकडं, तू नीट बोल आधी. ती काहीतरी पुटपुटत आत गेली. काय पुटपुटली देव जाणे.

आणि तो सेमाडोहचा कार्यक्रम. जंगलातल्या एका रिसॉर्टवर कोण्या बिल्डरचा वाढदिवस होता. संध्याकाळी सामान उतरवताना कुलदीप कानांवर हात ठेवून म्हणाला, काय किर्र करून राह्यले बाप्पा हे किडे, माईक टेस्टिंग बी होऊ देत नाईत. आकांक्षा पण म्हणाली, डोकं दुखते त्याच्यानं. मला हसू आलं. यवतमाळ रोडवर जन्मलेली ही पोरं, आणि जंगलात चार पावलं टाकली नाहीत की यांना किड्यांचा त्रास. मला तर काही किर्र होत नव्हतं. जंगल एकदम गप्प होतं, सागाची पानं तेवढी हलत होती, त्यांचाही आवाज नव्हता. मी मनात म्हटलं, नाटकं साले. परतवाड्याच्या माणसाला रातकिडे शिकवतात.

परतवाड्याला आमचं वावर नदीच्या काठाला. माळ्याचं घर, म्हणजे वांगी, मिरची, पालक, थोडा झेंडू, आणि उन्हाळ्यात टरबुजं. माझा बाप, पुंजाराम, बाजारात टरबुजांच्या ढिगाऱ्यापाशी उकिडवा बसायचा. गिऱ्हाईक आलं की चाकू लावून लाल तुकडा दाखवायची बाकीच्यांची पद्धत त्याला मंजूर नव्हती. तो म्हणायचा, ज्याचं पोट फाडून दाखवा लागते त्याले मी इकतच नाई. मधल्या बोटाचं पेर वाकवून तो टरबुजावर मारायचा. टण्ण असा उंच आवाज आला की बाजूला ठेवायचा, म्हणायचा, कच्चं लय बोलते. धप् असा जाड, पोटातून आल्यासारखा आवाज आला की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. आणि भद् झालं की बैलापुढं. ड्रमला सूर असतो हे मला कोणी शिकवलं असेल तर त्या ढिगाऱ्यानं. पण हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. ऑर्केस्ट्रातल्या लोकांना मी एका बँडमास्तरचं नाव सांगायचो, टरबूजवाल्याचं सांगितलं असतं तर त्यांना पुढची दहा वर्षं हसायला पुरलं असतं.

"काका," आकांक्षा म्हणाली. ती मला काका म्हणते. ती माईकपाशी उभी होती आणि तिनं एका कानात बोट घातलं होतं. "लय चुभते ते."

"काय?"

तिनं परत सांगितलं. चुभते. चुभते म्हणे. स्वतः अर्धा सूर खाली गाणारी पोरगी मला सांगत होती. मी अजून पाव फेरा दिला. आठही बोल्ट. टिचकी मारली. ठक्. खालचा खटका लावून तारा वर चढवल्या. ठक्. तारांचा स्क्रू ढिला केला, मग आणखी ढिला केला, म्हटलं गळा दाबला जात असेल बिचाऱ्यांचा, मोकळ्या होऊ द्या. ठक्. आजवर माझ्या हाताखालून इतका नालायक ड्रम गेला नव्हता. आधी ज्या स्नेअरवर मी हात फिरवला की खाली वाळूवर सर आल्यासारखं वाजायचं, तो हाच. मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि घामानं चावी हातातून सटकत होती. लॉनवाल्यांनी पंखे लावले नव्हते, पाहुणे आल्यावर लावणार होते. आमच्यासाठी कोण बिल वाढवतं.

कुलदीपनं कीबोर्डवर खालचा एक सूर दाबून धरला, चेक करायला. तो धरला आणि तोंड वाकडं करून माझ्याकडं बघितलं.

"भाऊ, तारा बंद करा न. म्या सूर देल्ला की तुमचा स्नेअर झणझण झणझण करून राह्यला. माईकमंदी येते ते."

झणझण. सहा महिने मी जी झणझण शोधत होतो, ती याला ऐकू येत होती म्हणे.

"काई झणझण गिणझण नाई," मी म्हटलं. "मेलेल्या तारा हाएत ह्या. नागपूरचा माल."

"हाव न काका, येते," आकांक्षा म्हणाली. "लय येते. थांबतच नाई."

दोघं मिळून माझी गंमत करतात, हा पहिला विचार. पॅड आणायचंच होतं यांना, आता निमित्त शोधतात, हा दुसरा. मी साउंडवाल्याकडं बघितलं. तो मोटारपंपवाला, त्याला तर यातलं काही देणंघेणं नव्हतं. तो हेडफोन कानाला लावून बसला होता आणि त्यानंही डोळे बारीक केले, दाढ दुखल्यासारखे. त्याला ठरवून असं करायला कोणी सांगितलं नसणार. इतकी अक्कल कुलदीपला नाही. कुलदीपनं तो सूर पुन्हा दाबला. माझ्या मांडीवर स्नेअर होता, वरचं हेड वर, खालच्या तारा माझ्या डाव्या तळहातावर टेकल्या होत्या, कारण मी तो तसाच उचलून धरला होता. सूर आला, आणि तळहातावर मुंग्या आल्या. वर हवा गप्प. फक्त कीबोर्डचा तो घोगरा सूर, आणि हातात मुंग्या. त्यानं बोट उचललं, मुंग्या थांबल्या. मी काठीनं हेडवर हळूच मारलं. कानाला ठक्. हाताला मात्र तारा लागल्या, सगळ्या, बारीक, लांब, थरथरत जाणाऱ्या. जिवंत होत्या. सहा महिने जिवंतच होत्या.

बाप बासष्ट वर्षांचा झाला तेव्हा त्यानं नवीन नाटक सुरू केलं होतं. टरबूज आता तो जमिनीवर ठेवून वाजवत नसे. डाव्या तळव्यावर घ्यायचा, वरून पेर मारायचा आणि डोळे मिटायचा, जसा काही देव्हाऱ्यापुढं बसलाय. गिऱ्हाइकं खूश व्हायची. बायका तर खास त्याच्याकडूनच घ्यायच्या, म्हणायच्या बुवाच्या हाताले गुन हाय. मी तेव्हा ऑर्केस्ट्रात नाव कमावून राहिलो होतो, सुट्टीत गेलो की हे सोंग बघून मला किळस यायची. म्हातारा धंद्यासाठी काय काय करतो. घरी काही विचारलं की भलतंच उत्तर द्यायचा, आई ओरडून सांगायची तेव्हा तिच्यावरच खेकसायचा. आणि एक वाक्य त्याच्या तोंडी बसलं होतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, बाजारात, वावरात, जेवताना. आजकालचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतेत. मी मित्रांमध्ये त्याची नक्कल करायचो, डोळे मिटून, तळवा पुढं करून, आणि ते वाक्य. चांगली करायचो. शेवटपर्यंत त्यानं एकही कच्चं टरबूज कोणाला दिलं नाही, हे मात्र नकलेत यायचं नाही.

"भाऊ," कुलदीप म्हणाला. "पॅड काढू का?"

हे ऐकू आलं. हे बरोबर ऐकू आलं. पॅडमधला प आणि ड अजून माझ्या कानाला कळतात. बारीक आवाजच कोणीतरी चोरून नेले होते, एक एक करून, आधी रातकिडे, मग तारा, मग मायाच्या बोलण्यातले स आणि श, आणि जाड तेवढे माझ्यासाठी ठेवले होते. मला त्या क्षणी कोणाचा राग यावा हेच कळेना. नागपूरच्या दुकानदाराचा येऊ शकत नव्हता. मायाचा येऊ शकत नव्हता. इतकी माणसं रागावायला हाताशी होती आणि सगळी एकदम निरपराध निघाली. राहिलो मी. सहा महिने कच्चं टरबूज वाजवत वाजवत गावोगाव फिरणारा, आणि वर लोकांनाच भैताड, बिनअकलेचे म्हणणारा. ड्रम लावायला सहदेवला बोलवा. भीती वाटली. घरी जाऊन मायाला काय सांगायचं याची नाही, तर पुढच्या दहा मिनिटांत या तिघांसमोर काय करायचं याची.

"पॅड गाडीतच राहू दे," मी म्हटलं.

स्नेअर पुन्हा मांडीवर नीट घेतला. तारांना तळवा लागेल असा, पण त्या दाबल्या जाणार नाहीत असा. कुलदीपच्या ॲपला विचारता आलं असतं. त्यानं आनंदानं आकडा सांगितला असता, आणि त्याच आकड्यानं उद्या माझी जागाही त्या पॅडला दिली असती. मी चावी उलटी फिरवली. इकडचा पाव फेरा सैल, समोरचा पाव फेरा सैल. टिचकी. हातात काय येतं ते बघितलं. वरच्या बाजूला अजून ताठ, थरथर एकदम तुटून जात होती. आणखी सैल. समोरचा. टिचकी. डोळे आपोआप मिटले, आणि मिटले म्हणून मला लाज वाटली, कारण हे सोंग मला चांगलं येत होतं. उघडून पुन्हा बघितलं तर हाताला कमी कळत होतं. मिटलेच ठेवले. एका जागी थरथर उशिरा पोहोचत होती, तो बोल्ट जरासा आवळला. मग तारांचा स्क्रू, तोही हातानं. काठी पडली की तारा उठाव्यात आणि काठी गेली की बसाव्यात, मधल्या वेळेत गप्प. जाड थाप कानाला आली, धप्, पोटातून आल्यासारखी. तेवढी मला ऐकू येत होती. तिच्यावर बाकी काय काय वाजत होतं, ते हाताला माहीत.

"दे सूर," मी डोळे न उघडता म्हटलं.

कुलदीपनं खालचा सूर दाबला. तळहात गप्प राहिला. तो वर गेला, खाली आला, तळहात गप्प. मी उठलो, स्नेअर स्टँडवर बसवला आणि एक साधा ठेका धरला, चार मात्रांचा, लग्नातल्या कुठल्याही गाण्याला लागेल असा. आकांक्षानं कानातलं बोट काढलं. तिनं मान हलवली, ओढणी सारखी केली आणि माईकपाशी सरकली. मोटारपंपवाल्यानं हेडफोनमधून वर बघितलं. माईकच्या दांड्यावरची टेप उन्हानं सुटून एका टोकानं लोंबत होती, तिच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. यांना काहीच कळलं नव्हतं. एक म्हातारा आता यांच्या डोळ्यांदेखत टरबुजं लावून गेला, आणि ही भैताडं ड्रम लागला म्हणून खूश होती. स्नेअर लागला होता म्हणे. कसा लागला ते या स्टेजवर मी सोडून सगळ्यांना ऐकू येत होतं, ज्यांना सा कळत नाही त्यांनासुद्धा. तेवढ्यात लॉनवाल्यांनी पंखे सुरू केले, पाहुणे यायला लागले असावेत. कुलदीपनं माझ्याकडं बघून अंगठा वर केला. त्याचे ओठ हलले, चांगले दोन-तीन वाक्यांइतके हलले, आणि तो उत्तराची वाट बघत थांबला.

मी काठ्या एका हातात घेतल्या, कपाळाचा घाम पुसला.

"मोठ्यानं बोल न बे," मी म्हटलं. "आजकालचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतेत."